सामना संपल्यावर उरणारा प्रेक्षक

स्ट्रीमिंग सेवा म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट, मालिका आणि इतर कार्यक्रम प्रेक्षकाच्या सवडीने दाखवणारी आणि त्याबद्दल वर्गणी किंवा जाहिराती यांतून उत्पन्न मिळवणारी सेवा. हा मूळचा संग्रहाचा व्यवसाय आहे. एखाद्या मालिकेवर होणारा खर्च एकदाच होतो आणि ती संग्रहात दाखल झाली की वर्षानुवर्षे नवे प्रेक्षक मिळवत राहते. दुसऱ्या भाषेत तिचे ध्वनिमुद्रण करून तिला दुसऱ्या देशात नेता येते आणि आज सेवेत आलेल्या वर्गणीदारालाही ती ताजीच वाटते. खेळाचा थेट सामना हा याच्या उलट स्वभावाचा माल आहे. त्याची किंमत निकाल अज्ञात असेपर्यंतच टिकते, शेवटचा चेंडू पडला की ती जवळजवळ शून्यावर येते, आणि सामना दाखवण्याचा हक्कही सेवेच्या मालकीचा होत नाही, तो ठरावीक वर्षांसाठी भाड्याने मिळतो. मुदत संपली की त्याच हक्कासाठी पुन्हा लिलावात उतरावे लागते आणि मधल्या काळात त्या सेवेनेच खेळाची लोकप्रियता वाढवली असेल, तर पुढचे भाडे त्या वाढीमुळेच अधिक भरावे लागते.

असे असूनही गेल्या दहा वर्षांत जगातल्या बहुतेक मोठ्या स्ट्रीमिंग सेवा खेळाकडे वळल्या, कारण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी कोट्यवधी माणसांना एकत्र आणण्याची ताकद आता जवळपास एकट्या खेळात उरली आहे. मालिका उद्या पाहता येते, सामना उद्यावर टाकता येत नाही. त्यामुळे खेळ दाखवावा की नाही या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. सामन्यासाठी आलेला प्रेक्षक सामना संपल्यावर सेवेत राहतो का, आणि राहत नसेल तर त्याच्या येण्याचा खर्च दुसऱ्या कोणत्या धंद्यातून भरून निघतो, यावर ते उत्तर अवलंबून असते. या दृष्टीने अभ्यासण्याजोगे सर्वांत मोठे उदाहरण भारतातलेच आहे.

इंडियन प्रीमियर लीगचे, म्हणजे आयपीएलचे, प्रक्षेपण हक्क २००८ मध्ये दहा वर्षांसाठी सोनी आणि वर्ल्ड स्पोर्ट ग्रुप यांना सुमारे १०० कोटी डॉलरना मिळाले, तेव्हा इंटरनेटवरील प्रक्षेपण हा त्या व्यवहारातला किरकोळ भाग होता. सप्टेंबर २०१७ मध्ये पुढच्या पाच वर्षांचे हक्क विकायला काढले गेले तेव्हा चित्र पालटले होते. २०१५ च्या विश्वचषकाच्या तोंडावर स्टार इंडियाने हॉटस्टार ही आपली स्ट्रीमिंग सेवा सुरू केली होती, सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स समूहाच्या जिओ या दूरसंचार कंपनीच्या आगमनाने मोबाइल डेटाचे दर कोसळले होते, आणि फेसबुकने केवळ भारतातील डिजिटल हक्कांसाठी ३,९०० कोटी रुपयांची बोली लावली होती. स्टारने सर्व हक्कांसाठी मिळून १६,३४७.५ कोटींची एकत्रित बोली लावून बाजी मारली. जून २०२२ च्या ई-लिलावात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने, म्हणजे बीसीसीआयने, दूरचित्रवाणी आणि डिजिटल हे हक्क वेगळे काढले आणि एकत्रित बोलीची मुभा ठेवली नाही. हा निर्णय फार दूरगामी ठरला. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या ४१० सामन्यांसाठी एकूण ४८,३९० कोटी रुपये आले. त्यांपैकी भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारने, म्हणजे आता डिस्नेच्या मालकीच्या झालेल्या स्टारने, २३,५७५ कोटींना घेतले, तर डिजिटल हक्क रिलायन्स समूहातील व्हायकॉम१८ ने २०,५०० कोटींना घेतले आणि निवडक सामन्यांच्या वेगळ्या संचासाठी आणखी सुमारे ३,२५८ कोटी मोजले. ॲमेझॉन लिलावापूर्वीच बाजूला झाली होती. एकूण रकमेचा हिशेब मांडला तर एका सामन्याला ११८ कोटी आणि दोन्ही डावांतील २४० चेंडू धरता एका चेंडूला सुमारे ४९ लाख रुपये पडतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सामना दाखवण्याबद्दल दूरदर्शनच मंडळाकडे पैसे मागत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचा आवाका कळतो.

आता हे पैसे वसूल कसे व्हायचे? व्हायकॉम१८ चा डिजिटल खर्च वर्षाला सुमारे ४,७५० कोटी रुपये पडतो. प्रत्येक वर्गणीदाराने वर्षाला ५०० रुपये भरले असे मानले, तरी केवळ हक्कांची रक्कम निघण्यासाठी साडेनऊ कोटी वर्गणीदार लागतात. त्यात चित्रण, समालोचन, सर्व्हर आणि कर्मचारी यांचा खर्च धरलेलाच नाही. भारतात आणि श्रीमंत देशांत एका वर्गणीदाराकडून मिळणाऱ्या पैशात जे अंतर आहे ते तर याहूनही बोलके आहे. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत डिस्ने+ हॉटस्टारला एका वर्गणीदारामागे महिन्याला सरासरी ०.५९ डॉलर, म्हणजे ४८ रुपयांच्या आसपास, उत्पन्न होते. त्याच काळात नेटफ्लिक्सला अमेरिका आणि कॅनडात एका सदस्यामागे १६ डॉलरच्या आसपास मिळत होते. हक्कांचे भाव जागतिक आणि वर्गणीचे दर स्थानिक, ही ओढाताण भारतातल्या प्रत्येक खेळ-प्रक्षेपकाच्या जमाखर्चात दिसते.

डिजिटल हक्क हातातून गेल्यावर हॉटस्टारचे जे झाले त्यातून सामन्यासाठी आलेल्या प्रेक्षकाची निष्ठा किती खोल असते याचे मोजमाप मिळाले. ऑक्टोबर २०२२ च्या प्रारंभी डिस्ने+ हॉटस्टारचे ६.१३ कोटी वर्गणीदार होते आणि जुलै २०२३ च्या प्रारंभी ते ४.०४ कोटींवर आले. नऊ महिन्यांत दोन कोटींहून अधिक लोक निघून गेले. मार्च २०२३ अखेर एचबीओच्या मालिकाही या सेवेवरून गेल्या, त्यामुळे सगळी गळती आयपीएलच्या माथी मारता येणार नाही, पण तिचा सर्वांत मोठा वाटा क्रिकेटचाच होता यात फारशी शंका राहत नाही. हे लोक सेवेचे ग्राहक नव्हते, स्पर्धेचे होते. त्या सेवेकडे मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या मालिकांचा मोठा संग्रह होता, आणि तरीही तो संग्रह त्यांना धरून ठेवू शकला नाही. कारण त्याच मालिका घरातल्या टीव्हीवर ठरलेल्या वेळी दिसत होत्या आणि त्यांच्यासाठी वेगळी वर्गणी भरण्याची सवय अजून लागलेली नव्हती.

व्हायकॉम१८ ने २०२३ चा हंगाम जिओसिनेमा या आपल्या सेवेवर सर्वांना विनामूल्य दाखवला आणि तोही मराठीसह १२ भाषांतील समालोचनासह. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी रुळवलेली मराठी क्रिकेट समालोचनाची परंपरा दूरचित्रवाणीच्या काळात हिंदी-इंग्रजीच्या मागे पडली होती. तिला मोबाइलवर पुन्हा जागा मिळाली, कारण दूरचित्रवाणीवर प्रत्येक भाषेसाठी वेगळी वाहिनी चालवावी लागते आणि इंटरनेटवर त्याच चित्राला आणखी एक ध्वनिपट्टी जोडली की काम भागते. खेळाच्या डिजिटल प्रक्षेपणाने प्रादेशिक भाषांना दिलेली ही देणगी खरोखर मोठी आहे आणि व्यवहाराच्या चर्चेत ती फार लवकर विसरली जाते. मात्र हजारो कोटींचा माल फुकट वाटणे परवडले ते समूहाच्या पाठीशी दूरसंचार कंपनी होती म्हणून. सामना पाहणारा माणूस डेटा वापरतो, डेटा संपला की रिचार्ज करतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून जाणाऱ्या जाहिरातींचे पैसेही येतात. खेळाचे हक्क ही इथे दुसऱ्या दुकानाकडे नेणारी वाट होती. अमेरिकेत ॲमेझॉनने २०२२ पासून नॅशनल फुटबॉल लीगच्या गुरुवार रात्रीच्या सामन्यांसाठी वर्षाला सुमारे १०० कोटी डॉलर मोजायला सुरुवात केली, त्यामागचा हिशेबही याच जातीचा आहे, कारण तिथे सामन्यासोबत प्राइमचे सदस्यत्व येते आणि सदस्य झालेला माणूस खरेदीही तिथेच करतो. ज्या सेवेच्या मागे असे दुसरे दुकान नाही तिने ॲमेझॉन किंवा रिलायन्स यांच्या पावलावर पाऊल ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

जाहिरातींच्या बाबतीत खेळाखेळांत फरक पडतो आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. ट्वेंटी-२० क्रिकेटची रचना जाहिरातदाराला अतिशय सोयीची आहे. प्रत्येक षटकानंतर, प्रत्येक बळीनंतर आणि अडीच मिनिटांच्या प्रत्येक ‘स्ट्रॅटेजिक टाइम-आउट’मध्ये खेळ आपोआप थांबतो आणि त्या विरामात प्रेक्षक जागचा हलत नाही. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटांचा अर्धा भाग विनाखंड चालतो, त्यामुळे जाहिरातीला मध्यंतराखेरीज जागाच नसते आणि खर्च वर्गणीतूनच काढावा लागतो. भारतात क्रिकेट फुकट दाखवणे शक्य झाले आणि युरोपात फुटबॉलसाठी प्रेक्षकाला महिन्याला मोठी वर्गणी मोजावी लागते, यामागे दोन समाजांच्या क्रयशक्तीइतकाच दोन खेळांच्या घड्याळांचाही वाटा आहे.

फ्रान्समधल्या पहिल्या दर्जाच्या फुटबॉल साखळीची, म्हणजे लीग १ ची, कहाणी या संदर्भात मुळातून समजून घेण्याजोगी आहे. २०१८ मध्ये मीडियाप्रो या स्पॅनिश कंपनीने वर्षाला ८० कोटी युरोंहून अधिक रकमेची बोली लावून २०२० पासूनचे बहुतेक हक्क घेतले आणि त्यांच्या जोरावर नवी वर्गणीची वाहिनी काढली. पण अपेक्षित वर्गणीदार न मिळाल्याने आणि महासाथीने आधीच डळमळीत झालेल्या बाजारात ऑक्टोबर २०२० मध्येच तिने हप्ता थकवला, आणि डिसेंबरात करार मोडला. ज्या क्लबांनी येणाऱ्या पैशांच्या भरवशावर खेळाडूंचे पगार ठरवले होते ते एका रात्रीत अडचणीत आले. २०२१ मध्ये ॲमेझॉनने यांतले बहुतेक सामने वर्षाला सुमारे २५ कोटी युरोंना, म्हणजे आधीच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भावात, घेतले. २०२४ मध्ये डॅझोन ही केवळ खेळ दाखवणारी स्ट्रीमिंग सेवा वर्षाला सुमारे ४० कोटी युरो द्यायला तयार झाली, मात्र तिने महिन्याला ३० युरोंच्या घरातली वर्गणी ठेवताच प्रेक्षकांत नाराजी पसरली, चोरट्या प्रक्षेपणांचा सुळसुळाट झाला आणि एका हंगामातच हा संसारही मोडला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये लीगने स्वतःचीच लीग १+ ही सेवा महिन्याला १४.९९ युरोंना सुरू केली. मधला भाडेकरू काढून टाकून क्रीडासंघटनेने थेट प्रेक्षकाकडे जाण्याचा हा प्रयोग आहे. त्यात हमखास मिळणारी रक्कम संपते आणि धंद्यातला सारा धोका क्लबांच्या अंगावर येतो, पण प्रेक्षक कोण आहे, कुठे राहतो, किती पाहतो ही माहिती पहिल्यांदाच लीगच्या हाती राहते.

थेट सामना दाखवणे तांत्रिकदृष्ट्याही चित्रपट दाखवण्यापेक्षा वेगळ्या दर्जाचे काम आहे. चित्रपटाच्या निरनिराळ्या गुणवत्तेच्या प्रती आधीच तयार करून प्रेक्षकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवता येतात. अशा विखुरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याला सीडीएन म्हणतात, आणि वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे चित्रपट पाहत असल्याने त्याच्यावरचा भार विभागला जातो. सामन्याचे चित्र मात्र मैदानावरून आल्याबरोबर काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकड्याच्या कमी-अधिक गुणवत्तेच्या अनेक आवृत्त्या तत्काळ बनवून जाळ्यात सोडावे लागते, आणि प्रेक्षकाच्या फोनमधले ॲप त्या क्षणीच्या नेटवर्कचा वेग पाहून त्यांपैकी एक आवृत्ती उचलते. चित्र अडखळू नये म्हणून ॲप काही तुकडे हाताशी साठवूनच पुढे सरकते. म्हणूनच शेजारच्या घरातल्या टीव्हीवर षटकार आधी दिसतो आणि मोबाइलवर तो बऱ्याच सेकंदांनी पोहोचतो. हा विलंब कमी करायचा तर साठवण कमी करावी लागते आणि साठवण कमी केली की जरासा वेग घसरताच चित्र थांबते. अभियंत्यांना या दोन दुखण्यांतून प्रत्येक सामन्यात मधली वाट काढावी लागते.

खरी कसोटी लागते ती एककालिक प्रेक्षकसंख्येची, म्हणजे एकाच क्षणी किती जण सामना पाहत आहेत या आकड्याची. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला पावसाने लांबलेल्या विश्वचषक उपांत्य सामन्यात महेंद्रसिंह धोनी खेळत होता तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक होते, आणि मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीवर तो धावचीत होताच तो आकडा वेगाने कोसळला. सामान्य वाचकाला वाटेल की गर्दी ओसरली म्हणजे सर्व्हरवरचा ताण हलका झाला, पण प्रत्यक्षात तो अधिक धोक्याचा क्षण असतो, कारण निराश झालेला प्रेक्षक मागे जाण्याचे बटण दाबतो आणि लक्षावधी फोन एकाच सेकंदाला मुख्य पानावरच्या याद्या, चित्रे आणि शिफारशी मागू लागतात. चित्रप्रवाह वाहून नेणारी यंत्रणा वेगळी आणि ही पाने पुरवणारी यंत्रणा वेगळी असते. पहिली शाबूत असूनही दुसरी या लाटेखाली बसू शकते. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी पुढे जाहीर व्याख्यानांतून सांगितलेली उत्तरे याच अनुभवातून आलेली आहेत. गर्दी वाढल्यावर नवे सर्व्हर आपोआप सुरू करणारी नेहमीची पद्धत त्यांना इतकी मंद वाटली की सामन्याआधीच अंदाजाने सर्व्हर तयार ठेवले जात. खोट्या प्रेक्षकांची कृत्रिम गर्दी सोडून सरावाचे सामने घेतले जात. आणि आणीबाणीत शिफारशींसारख्या दुय्यम सोयी बंद करून फक्त चित्र चालू ठेवण्याची व्यवस्था केलेली असे.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हा आकडा ५.९ कोटींवर गेला. त्याच्या चार दिवस आधी मुंबईत वानखेडेवर विराट कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक केले त्या उपांत्य सामन्यात तो ५.३ कोटी होता. प्रत्येक फोनला सेकंदाला सरासरी १ मेगाबिट माहिती लागते असे अगदी कमीत कमी धरले, तरी ५.९ कोटी फोनांसाठी सेकंदाला ५९ टेराबिट, म्हणजे ५९ लाख कोटी बिट, वाहावे लागतात. इतकी क्षमता वर्षातून मोजक्या रात्री लागते आणि एरवी तिचा मोठा भाग रिकामा राहतो, तरी ती राखून ठेवण्याचे पैसे द्यावेच लागतात. श्रीमंत आणि अनुभवी कंपन्यांनाही ही विद्या आयती मिळालेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कतारच्या फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी जिओसिनेमाचे चित्र अडखळले आणि कंपनीला प्रेक्षकांची माफी मागावी लागली, तर १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधील माइक टायसन आणि जेक पॉल यांच्या मुष्टियुद्धात जास्तीत जास्त ६.५ कोटी एककालिक प्रवाह गाठणाऱ्या नेटफ्लिक्सवर असंख्य प्रेक्षकांना गोल फिरणारे चक्र पाहत बसावे लागले.

नेटफ्लिक्सची भूमिका या सर्व चर्चेत वेगळी उठून दिसते, कारण ती अनेक वर्षे खेळाला ठाम नकार देत होती. हक्कांचे भाव इतके चढले आहेत की त्यांत नफा दिसत नाही, असे तिचे नेतृत्व उघडपणे सांगत असे, आणि त्याऐवजी २०१९ पासून तिने फॉर्म्युला वन शर्यतींवरची ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’सारखी माहितीपट-मालिका करून खेळातले नाट्य संग्रहात ठेवण्याजोग्या स्वरूपात विकले. कमी वर्गणीची जाहिरातयुक्त योजना २०२२ च्या अखेरीस आल्यावर मात्र तिला जाहिरातदारांसाठी एकाच वेळी जमणारी गर्दी हवी झाली आणि धोरण सैलावले. तरीही तिने संपूर्ण हंगाम विकत घेण्याचे टाळून निवडक वेचे उचलले: २०२४ च्या नाताळात नॅशनल फुटबॉल लीगचे दोन सामने, ज्यांना अमेरिकेत प्रत्येकी सरासरी २.४ कोटी प्रेक्षक मिळाले, आणि जानेवारी २०२५ पासून दहा वर्षांसाठी ५०० कोटी डॉलरहून अधिक किमतीचा डब्ल्यूडब्ल्यूईचा ‘रॉ’ हा कुस्तीचा कार्यक्रम. यातला दुसरा व्यवहार अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल, कारण ‘रॉ’ वर्षभर दर आठवड्याला होतो आणि त्याच्या प्रेक्षकाला हंगाम संपला म्हणून वर्गणी थांबवायला निमित्तच मिळत नाही. दोन महिन्यांच्या आयपीएलला नेमकी हीच उणीव भोवते.

भाड्याऐवजी मालकी हा आणखी एक मार्ग आहे आणि तो महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाने दाखवला आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि स्टार इंडियाने २०१५ मध्ये ती चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समधला ७४ टक्के हिस्सा घेतला. त्यामुळे खेळ लोकप्रिय झाला तर वाढलेले मोल दुसऱ्याच्या खिशात जाण्याची भीती राहिली नाही आणि मॅटची रचना, प्रकाशयोजना, सामन्यांच्या वेळा यांवर दीर्घकालीन गुंतवणूक करता आली. यू मुंबा, पुणेरी पलटण ही नावे घरोघर पोहोचली, आणि पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. महिला क्रिकेटचेही उदाहरण असेच आशादायक आहे. विमेन्स प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क जानेवारी २०२३ मध्ये ९५१ कोटींना, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेच्या तुलनेत फारच स्वस्तात गेले होते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा तो सामना डिजिटल माध्यमावर १८.५ कोटी लोकांनी पाहिल्याचे जाहीर झाले. ज्या खेळावर अजून सर्वांची नजर पडलेली नाही तिथे लवकर पोहोचणारी सेवा खेळाचेही भले करते आणि स्वतःचेही.

भारतातली चढाओढ मात्र अखेर चढाओढ करणारेच एक झाल्याने थांबली. डिस्नेचा भारतातील व्यवसाय आणि व्हायकॉम१८ यांचे विलीनीकरण १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी हॉटस्टार व जिओसिनेमा मिळून जिओहॉटस्टार ही सेवा अस्तित्वात आली. ज्या उदय शंकर यांच्या नेतृत्वाखाली स्टारमध्ये हॉटस्टार उभे राहिले आणि जे नंतर गुंतवणूकदार म्हणून व्हायकॉम१८ च्या बाजूने आले, ते या एकत्रित कंपनीचे उपाध्यक्ष झाले. आयपीएलचे दोन्ही हक्क, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धा आणि भारतातील मायदेशीचे सामने एका छत्राखाली आले, आणि लगोलग फुकट पाहण्याचा काळ आवरता घेण्यात आला. तीन महिन्यांना १४९ रुपयांपासून वर्गणी ठेवली गेली, तर २९९ रुपयांच्या किंवा त्याहून मोठ्या जिओ रिचार्जसोबत ९० दिवसांचे सदस्यत्व जोडून देण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने ३० कोटी वर्गणीदारांचा आकडा जाहीर केला. मात्र त्यांतल्या कितींनी सामना पाहण्यासाठी पैसे मोजले आणि कितींना रिचार्जबरोबर ते आपोआप मिळाले, हा भेद त्या एका आकड्यात दिसत नाही, आणि तो पाहिल्याशिवाय या वर्गणीदारांच्या निष्ठेविषयी काही म्हणणे घाईचे ठरेल.

बोली लावणाऱ्यांची संख्या घटल्याचा पहिला फटका लहान खेळांना बसला. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या व्यावसायिक हक्कांचा रिलायन्सशी संबंधित कंपनीबरोबरचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या भागीदारासाठी निविदा काढली तेव्हा नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. फुटबॉल ज्या प्रदेशाच्या जीवनाचाच भाग आहे त्या गोव्यात, जिथला एफसी गोवा या स्पर्धेतला मुरलेला संघ आहे, तिथे या बातमीचा अर्थ खेळाडू, प्रशिक्षक आणि मैदानावरची माणसे यांच्या रोजगाराशी जोडलेला होता. बाजारात दोन-तीन तुल्यबळ खरेदीदार असतात तेव्हा क्रिकेट हातून गेलेला दुसऱ्या खेळाकडे वळतो. खरेदीदारच एक उरला की त्याला वळण्याची गरज राहत नाही.

यात सार्वजनिक हिताचा प्रश्नही गुंतलेला आहे आणि तो भारतीय न्यायालयांपुढे फार आधी आला होता. १९९३ च्या हीरो चषकाचे प्रक्षेपण हक्क बंगाल क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिले, तेव्हा सुरू झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही आणि खासगी कंपनीचीही नाही, असा निर्णय दिला. जानेवारी २००७ मध्ये नागपूरला सुरू झालेल्या भारत-वेस्ट इंडिज मालिकेचे प्रक्षेपण दूरदर्शनला देण्यावरून पुन्हा संघर्ष झाला, त्यातून आधी अध्यादेश निघाला आणि मग त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित केलेल्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण हक्कधारकाने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे, आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाला ७५ व प्रसार भारतीला २५ टक्के अशा प्रमाणात वाटले जावे, अशी त्यात तरतूद आहे. केबल न पोहोचलेल्या खेड्यातल्या माणसालाही भारताचा सामना पाहता यावा, हा त्यामागचा विचार होता आणि तो आजही तितकाच न्याय्य आहे.

परंतु हा कायदा २००७ च्या तंत्रज्ञानाला अनुसरून लिहिला गेला. दूरदर्शनचे जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणारे आणि डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीत येणारे, प्रक्षेपण एवढीच माध्यमे त्याला ठाऊक आहेत. आयपीएल अधिसूचित स्पर्धांत येत नाही, आणि अधिसूचित सामनाही प्रसार भारतीला या कायद्याच्या आधारे मोबाइलवर दाखवता येत नाही, मग तिने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ ही स्वतःची स्ट्रीमिंग सेवा सुरू केली असली तरी. दरम्यान ज्या घरांत टीव्ही नाही किंवा असून बंद पडला आहे, तिथे फोन हाच एकमेव पडदा झाला आहे. आयपीएलचे सध्याचे करार २०२७ च्या हंगामाबरोबर संपतात आणि त्यानंतरच्या हंगामांसाठी पुन्हा लिलाव होईल. त्या लिलावापूर्वी कायद्यातली ‘प्रक्षेपण’ या संज्ञेची व्याप्ती इंटरनेटपर्यंत वाढवायची की नाही, हे संसदेला ठरवावे लागेल, कारण एकदा हक्क पाच वर्षांसाठी विकले गेले की त्यांच्या अटी मध्येच बदलणे कोणत्याही सरकारला सोपे जात नाही.